बाई, एकीला जाऊ?

पत्राचा सारांश: साताऱ्याहून ५९ वर्षांच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेनं लिहिलं आहे. चार वर्षांपासून लघवी लागली की त्यांना धरवत नाही. दिवसात दहा-बारा खेपा, रात्री दोन-तीनदा उठणं आणि आठवड्यातून तीन-चार वेळा मोरीपर्यंत पोचायच्या आतच कपडे ओले. लग्नकार्यं, हळदीकुंकू, एस.टी.चा प्रवास त्यांनी बंद केला आहे. बाहेर पडायचंच असलं तर सकाळपासून पाणी पीत नाहीत. घरी कुणाला सांगितलेलं नाही. गुडघा दाखवायला जाते म्हणून त्या पुण्याच्या एका रुग्णालयात गेल्या आणि यूरॉलॉजिस्टना (मूत्रविकारतज्ज्ञांना) भेटून आल्या. डॉक्टरांनी ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ (अतिक्रियाशील मूत्राशय) असं निदान केलं आणि एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असं विचारलं. १२ आठवडे, पुण्याच्या सहा खेपा, औषध आणि तपासण्या मोफत. भाग घेणाऱ्यांचे तीन गट: एकाला नवं औषध, दुसऱ्याला टॉल्टेरोडिन हे जुनं औषध, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. ताईंना बीपीची गोळी चालू आहे. त्यांच्या आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता. त्या विचारतात: ‘साखरेची गोळी वाट्याला आली तर तीन महिने वाया जातील का? डॉक्टर इतके आपुलकीनं बोलले, त्यांना नाही कसं म्हणू? आणि मुलाला कळलं तर तो म्हणेल, आईला गिनीपिग केलं.’

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. ‘तीस वर्षं पोरांनी करंगळी वर करून “बाई, एकीला जाऊ?” विचारलं की मी वर न बघता मान हलवायचे. आता मलाच करंगळी वर करावीशी वाटते, पण विचारायचं कुणाला?’ तुम्ही हे गमतीनं लिहिलंत, पण तुमचे सगळे प्रश्न या एका ओळीत आहेत. कुणाची तरी परवानगी लागते, असं तुम्ही धरून चालला आहात. डॉक्टरांना नाही म्हणायला डॉक्टरांची, हो म्हणायला मुलाची आणि या त्रासाबद्दल मोठ्यानं बोलायला तर बहुधा अख्ख्या गल्लीची.

आधी माझ्याविषयी. मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर बरीच वर्षं ‘सामान्य माणूस’ या जागेवर बसले. थट्टा नाही, आपल्याकडच्या नियमांत अशी जागा खरोखर आहे. औषधाची चाचणी सुरू होण्याआधी ती या समितीकडून मंजूर व्हावी लागते. समितीतली निम्मी तरी माणसं त्या संस्थेबाहेरची असावी लागतात, आणि वैद्यकातलं काही न कळणारं एक माणूस असावंच लागतं. ते माणूस मी. माझं काम एवढंच, की संमतीपत्र वाचायचं आणि कळलं नाही तर कळलं नाही असं म्हणायचं. एकदा मराठी संमतीपत्रात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द आला. मी म्हटलं, हे काय? कळलं की कोण कुठल्या गटात जाणार ते नशिबावर सोडायचं, म्हणजे आपल्या भाषेत चिठ्ठ्या टाकायच्या. मग तसं लिहा ना! लिहिलं त्यांनी. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते या अनुभवातून आणि वाचनातून आलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांची जागा ते घेऊ शकत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिता, ‘डॉक्टरांनी उपचार सुचवला.’ मला वाटतं, गाठ इथेच पडली आहे. चाचणी म्हणजे उपचार नव्हे. उपचारात डॉक्टर तुमच्याकडे पाहून ठरवतात: डोस वाढवू, गोळी बदलू, थांबवू. चाचणीत हे आधीच कागदावर ठरलेलं असतं, कारण तिथे प्रश्न ‘या ताईंना बरं कसं करायचं’ हा नसतो. हे औषध चालतं का, कितपत चालतं आणि कुणाला त्रास देतं, हा असतो. तुम्ही कुठल्या गटात आहात हे तुम्हाला माहीत नसतं, डॉक्टरांनाही माहीत नसतं. यात लबाडी काही नाही, प्रामाणिक उत्तर मिळवायची ती रीतच आहे. डॉक्टर आपुलकीनं बोलले हे खरं असेल, पण त्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा ते दोन टोप्या घालून बसले होते, एक तुमच्या डॉक्टरची आणि एक संशोधकाची. कुठली टोपी कधी बोलते आहे हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

या औषधांची गोष्ट थोडी सांगते, म्हणजे चिठ्ठ्या कसल्या ते कळेल. मूत्राशयाची भिंत म्हणजे एक स्नायू. तो भरेपर्यंत सैल असायला हवा आणि आपण ठरवल्यावर आवळायला हवा. तुमच्या बाबतीत तो अर्धवट भरलेला असतानाच आवळायला लागतो, किंवा मेंदूला तसा निरोप धाडतो. १९७५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ऑक्सिब्युटिनिन आणि १९९८ चं टॉल्टेरोडिन ही औषधं त्या स्नायूला ‘आवळ’ म्हणणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाची वाट अडवतात. पंचाईत अशी की हेच रसायन लाळेच्या ग्रंथींत आणि आतड्यांतही कामाला असतं. म्हणून तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं. तोंड कोरडं पडलं की माणूस पाणी पितं, आणि पुढचं तुम्हाला सांगायला नको.

दुसरी वाट जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली मान्य झालेल्या मिराबेग्रॉननं दाखवली. स्नायू सैल ठेवणारा ‘बीटा-३’ नावाचा वेगळा खटका असतो, तो हे औषध दाबतं. त्याच कुळातलं व्हिबेग्रॉन जपानमध्ये २०१८ साली आलं. तुमच्या माहितीपत्रकात नव्या औषधाचं वर्णन ‘बीटा-३ गटातलं’ असं आहे, म्हणजे ते याच वाटेवरचं.

औषधं आहेत, तरी नवनव्या चाचण्या का होतात? कारण लोक गोळ्या सोडून देतात. ब्रिटनमध्ये टॉल्टेरोडिनसारख्या जुन्या गटातल्या औषधांच्या, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या शेवटी गोळी चालू ठेवलेले लोक औषधागणिक १४ ते ३५ टक्के निघाले. म्हणजे तिघांतले जवळपास दोघे तरी वर्षाच्या आतच ‘नको ती गोळी’ म्हणाले. कुणाला गुण आला नसेल, कुणाच्या घशाला कोरड पडली असेल.

आता साखरेची गोळी. तुमच्या मनातलं चित्र असं दिसतं, की दोन गटांतल्या बायका बऱ्या होतील आणि तिसऱ्या गटातल्या तुम्ही तीन महिने होत्या तशाच राहाल. आकडे वेगळं सांगतात. मिराबेग्रॉनची एक मोठी चाचणी युरोप आणि ऑस्ट्रेलियात झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. भाग घेणारे लोक सुरुवातीला दिवसाला सरासरी साडेअकरा वेळा लघवीला जात होते, म्हणजे साधारण तुमच्याइतकेच. १२ आठवड्यांनी मिराबेग्रॉन ५० मिलिग्रॅमच्या गटात रोजच्या खेपा सरासरी १.९३ नं कमी झाल्या होत्या. टॉल्टेरोडिनच्या गटात १.५९ नं. आणि प्लासिबोच्या गटात, जिथे गोळीत औषधच नव्हतं, तिथे १.३४ नं.

हे आकडे दोन बाजूंनी वाचायचे. रिकामी गोळी घेणाऱ्यांनाही बराच उतार पडला. आणि खऱ्या औषधानं त्यावर जी भर घातली ती दिवसाला साधारण अर्ध्या खेपेची. कपडे ओले होण्याच्या बाबतीतही तसंच: प्लासिबोत दिवसाला १.१७ नं कमी, मिराबेग्रॉनमध्ये १.५७ नं. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक पक्का आहे, तुक्का नाही. पण ‘औषध चालतं’ हे शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरपर्यंत न थांबता जाणारी एस.टी. आली असेल, तर ती थोडी मागे घ्या. अर्थात ही सरासरी आहे. काहींना पुष्कळ फरक पडतो, काहींना काहीच नाही, आणि तुम्ही कुठल्या रांगेत बसाल हे आधी सांगता येत नाही.

रिकाम्या गोळीनं बरं का वाटावं? ‘सगळं मनाचे खेळ’ असं म्हणून लोक मोकळे होतात, मला ते पटत नाही. एक कारण असं, की माणूस त्रास कळसाला पोचल्यावरच डॉक्टरांकडे जातो, आणि कळसानंतर थोडी उतरण आपोआप येतेच. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. या चाचण्यांत प्रत्येकाला मधूनमधून तीन-तीन दिवस वही ठेवावी लागते. किती वाजता गेलात, किती घाई होती, कपडे ओले झाले का. चार वर्षं जी गोष्ट आपण स्वतःपासूनही लपवली ती रोज लिहायला लागलो की वागणं बदलतं. ‘आत्ता गेले नाही तरी चालेल’ हे पहिल्यांदा ध्यानात येतं.

एक गंमत सांगून ठेवते. अशा बऱ्याच चाचण्यांत सुरुवातीचे दोन आठवडे सगळ्यांनाच रिकामी गोळी देतात, तुमची वही नीट भरली जाते का आणि त्रास टिकून आहे का ते पाहायला. माहितीपत्रकात ‘कधीतरी प्लासिबो दिला जाईल’ एवढंच लिहिलेलं असतं. नंतर कळल्यावर फसवल्यासारखं वाटायला नको, म्हणून आधीच विचारा.

तेव्हा साखरेच्या गोळीपेक्षा माझी काळजी वेगळी आहे. चाचणीत न शिरता मिळणारे साधे उपाय तुम्ही करून पाहिले आहेत का? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. १९९८ साली अमेरिकेत एक चाचणी झाली. ५५ ते ९२ वर्षांच्या १९७ बायका, तीन गट. एका गटाला ऑक्सिब्युटिनिन, एकाला प्लासिबो आणि तिसऱ्या गटाला औषधच नाही, फक्त शिकवणी: ओटीपोटाखालचे स्नायू कसे आवळायचे आणि कळ आली की काय करायचं. आठ आठवड्यांत चार भेटी. कपडे ओले होण्याचं प्रमाण प्लासिबोत ३९.४ टक्क्यांनी उतरलं, औषधानं ६८.५ टक्क्यांनी आणि शिकवणीनं ८०.७ टक्क्यांनी. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. शेवटी विचारलं की आता दुसरा उपचार हवा का? शिकवणीच्या गटातल्या १४ टक्के बायका हो म्हणाल्या, औषधाच्या गटातल्या ७५.५ टक्के. गोळीनं आकडा उतरला होता, तरी चारातल्या तिघींना ती नको होती.

त्या बायकांना स्नायू ओळखायला यंत्राची मदत होती. फिजिओथेरपिस्ट तुम्हालाही ते शिकवू शकतात, आणि पुण्यात किंवा साताऱ्यात स्त्रियांच्या या तक्रारींवर काम करणारं कुणी आहे का, हे तुमच्या यूरॉलॉजिस्टना विचाराच. पण मूळ युक्ती घरीही जमते. कळ आली की आपण काय करतो? पळतो. पळताना पोटावर ताण येतो, मूत्राशय आणखी बावचळतं आणि मोरीच्या दारातच घात होतो. (घराच्या कुलपात किल्ली घालताना नेमकी हीच गत होते. ती वेळ जवळजवळ प्रत्येकीच्या पत्रात असते.) त्याऐवजी जिथे आहात तिथे थांबा. शक्य असेल तर बसा. वायू धरताना आवळतो ते स्नायू भराभर पाच-सहा वेळा आवळा-सोडा. सत्तावीसचा पाढा मनात म्हणा. शाळेतल्या बाईंना तो उलटाही येत असेल. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ओसरली की मग चालत जा. आणि घड्याळ लावून जायचं: आज तासाभरानं जात असाल तर आठवडाभर सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड, असं करत अडीच-तीन तासांपर्यंत. पहिले पंधरा दिवस काहीच होत नाही असं वाटतं. सहा-आठ आठवडे द्यावे लागतात.

पाणी तोडू नका, ताई. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, वर बद्धकोष्ठता होते, आणि भरलेलं आतडं त्यालाच रेटतं. दिवसभरात दीड-दोन लिटर, घोट घोट करून प्या आणि संध्याकाळी सातनंतर हात आखडा. चहा मात्र मोजा. तुम्ही ‘दोनदाच घेते’ असं लिहिलंय. आल्यागेल्याबरोबरचा अर्धा-अर्धा कप धरला का?

गोळ्यांचा डबाही डॉक्टरांसमोर ठेवा. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, आणि त्या संध्याकाळी घेतल्या तर रात्रीच्या खेपांचं कोडं तिथेच सुटतं. वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह असलेल्या वाचकांनीही पाहावं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे खेपा वाढू शकतात. लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत पाहणं, एवढं झालंय ना? ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ हे नाव जंतुसंसर्गासारखी दुसरी कारणं बाजूला काढल्यावरच द्यायचं असतं. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणानंही घाई वाढते, त्यावर जागेवर लावायचं मलम असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारताना लाजू नका. आणि लघवीतून रक्त, तापासह जळजळ, लघवी अडणं किंवा पायांत अचानक बधिरपणा आला, तर वही, पाढे, चाचणी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता आईंच्या आजाराचं. तुमची भीती हवेतली नाही. अ‍ॅसिटिलकोलिन मेंदूतही कामाला असतं, स्मरणशक्तीच्या कामाला तर खासच. २०१९ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. ५५ च्या पुढच्या लोकांच्या औषधांच्या जुन्या नोंदींत असं दिसलं, की मूत्राशयासाठी जुन्या गटाची औषधं पुष्कळ घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त होतं. ‘पुष्कळ’ म्हणजे तीन वर्षांहून जास्त रोजची गोळी भरेल इतकी. असा अभ्यास संबंध दाखवतो, औषधामुळेच झालं हे सिद्ध करत नाही. स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या काळात लघवीची तक्रारही सुरू होऊ शकते, मग अंडं आधी की कोंबडी? पण वर्षानुवर्षं घेण्यासाठी या गटातलं औषध निवडताना हात जरा आखडता घ्यावा, एवढं शहाणपण त्यातून नक्की घेता येतं. तुमच्या चाचणीत टॉल्टेरोडिनच्या गटात चिठ्ठी निघाली तर ते १२ आठवडे घ्यायचं आहे, तीन वर्षं नाही. मला बारा आठवड्यांची फार धास्ती वाटत नाही. तरी आईंचा इतिहास डॉक्टरांना सांगा. चाचणीनंतर जे कायमचं औषध सुचवतील तेव्हा तो कामाला येईल.

बीटा-३ वाटेचा धोका वेगळा. मिराबेग्रॉननं बीपी वाढू शकतं. ज्यांचं बीपी फार चढलेलं आणि ताब्यात नाही त्यांना ते देत नाहीत. तुमचं बीपी गोळीनं ताब्यात आहे म्हणता, पण ते शेवटचं मोजलं कधी? आठवडाभर रोज मोजून आकडे लिहून न्या.

आणि चिरंजीव. ‘गिनीपिग’ हा शब्द त्याच्या तोंडी येईल, असं तुम्हीच धरून चालला आहात, त्याला अजून काहीच माहीत नाही. आला तरी तो अगदीच वेडेपणाचा नाही. आपल्या देशात चाचण्यांत लोकांना नीट न सांगता ओढल्याची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ साली न्यायालयानं सरकारला खडसावलं. नियम कडक झाले त्यामागे ही लढाई आहे. आज २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई हा तुमचा हक्क आहे. त्यातलं एक कलम तुमच्या साखरेच्या गोळीलाही लागू पडतं: प्रस्थापित उपचार उपलब्ध असूनही तो न देता प्लासिबो दिला आणि त्यापायी इजा झाली, तर तीही चाचणीमुळे झालेली इजाच धरतात. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घरी न्यायची. त्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो; तो शोभेसाठी नसतो, आम्हाला फोन यायचे. आणि सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत चाचणीचा क्रमांक आहे का, हे मुलाला इंटरनेटवर बघायला सांगा. चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. त्याला काहीतरी करायला दिलं की त्याचा राग अर्धा होईल, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

म्हणजे सांगायलाच हवं का? परवानगीसाठी मुळीच नाही. सही तुमची, शरीर तुमचं. पण रात्री दोनला छातीत धडधडलं तर घरात कुणाला तरी माहीत हवं की आई एक गोळी घेते आहे जी गुडघ्याची नाही. डॉक्टर विचारतील ‘काय चालू आहे?’, आणि सून सांगेल ‘काही नाही, गुडघ्याचं तेल.’ सुनेला आधी सांगा, असं मला आपलं वाटतं. तिला दोन बाळंतपणं झाली आहेत म्हणता. शिंकताना काय होतं ते तिला बहुधा ठाऊक असेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत अशा घाईच्या लघवीचा त्रास प्रौढांत साधारण सहांत एकाला निघाला, बायकांत १६.९ टक्के आणि पुरुषांत १६. आपल्याकडे बायका पाणी तोडतात आणि पुरुष गाडी कडेला घेतात, म्हणून फक्त बायकांचं वाटतं.

माझं मत विचारलंत, तर आज सही करू नका आणि आज नाहीही म्हणू नका. डॉक्टरांना विचारा, भरती कधीपर्यंत चालू आहे? दोन महिने हातात असतील तर पाणी, चहा, घड्याळ आणि आवळा-सोड करून पाहा. त्यानं तुमचं भागलं तर चाचणीची गरजच उरणार नाही. नाही भागलं तर तुमच्याइतकी तयारीची उमेदवार त्यांना मिळायची नाही. फक्त हे व्यायाम करता आहात हे त्यांना सांगा, कारण चाचणी चालू असताना ते नव्यानं सुरू केलेले किंवा मध्येच बदललेले चालत नाहीत. आणि जायचं ठरवलंत तर त्यांना हेही विचारा: १२ आठवड्यांनंतर काय? औषध लागू पडलं तर ते पुढे मिळणार का, किती काळ, कुणाच्या पैशानं? मी कमिटीवर असताना बायका सुयांबद्दल विचारायच्या, रक्त किती घेणार विचारायच्या. हे फार थोड्या विचारायच्या, आणि शेवटच्या भेटीला रिकाम्या हातानं परतताना रडवेल्या व्हायच्या.

भाग घेण्याच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर मी तुम्हाला घाबरवूनच सोडलं असं होईल. तीन महिने कुणीतरी तुमचं बीपी, लघवी, रक्त नियमानं बघेल. गोळीत औषध नसलं तरी जिच्यामुळे फरक पडू शकतो, ती वही तुमच्याकडून भरून घेईल. आणि साठीला आलेल्या, बीपी असलेल्या मराठी बाईला हे औषध कसं मानवतं, हे साठीला आलेल्या, बीपी असलेल्या बाईनं घेतल्याशिवाय कुणाला कळणार नाही. ‘माझ्यामुळे पुढच्या एखादीला कळेल’ असं वाटून सही करणं हे उत्तम कारण आहे. ‘डॉक्टरांना वाईट वाटेल’ हे अजिबात नाही. त्यांना रोज नाही म्हणणारी माणसं भेटतात.

एक विसंगती मात्र कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. ज्या बाईला एस.टी.त बसवत नाही, तिला सातारा-पुणे असे सहा वेळा जायचं आहे. प्रवासखर्च मिळतो का ते विचारा, सकाळची वेळ नको म्हणा, आणि खंबाटकी घाटाच्या आधी उतरायला मिळेल अशी सोय बघा. त्या खेपांत सून सोबत असली तर निम्मं काम झालं.

वही आजच घाला. तीन दिवस, सलग असले तर बरं: वेळ, किती पाणी-चहा, किती लघवी, घाई किती, ओलं झालं का. डॉक्टरांपुढे नुसतं ‘सारखं जावं लागतं’ म्हणण्याऐवजी ही वही उघडलीत की संभाषण बदलेल, चाचणीत जा अगर न जा. मोजायला स्वयंपाकघरातलं माप घेऊ नका. औषधाच्या दुकानात खुणा केलेलं प्लास्टिकचं भांडं मिळतं, स्वस्त असतं. बाकी सगळ्या भांड्यांवर तुम्ही नाव घालून घेतलं असेल. यावर नाही घातलं तरी चालेल.